युद्धविषयक संगणकीय खेळांतील तोफखान्याचे साहाय्य आणि वास्तव : अहमदनगरच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकीय खेळ हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही. इतिहास, संरक्षणशास्त्र आणि भूगोल या विषयांच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनात युद्धाचे जे चित्र असते, ते पाठ्यपुस्तकातून कमी आणि पडद्यावरील रणांगणातून अधिक आलेले असते. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या जिल्ह्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री सेंटर अँड स्कूल या लष्करी संस्था या शहरात आहेत. सैन्यभरतीची तयारी करणारा आणि एन.सी.सी.मध्ये दाखल होणारा विद्यार्थिवर्गही येथे मोठा आहे. असा विद्यार्थी तोफखान्याविषयी काय समजून बसला आहे, हा प्रश्न त्याच्या अध्यापकांना टाळता येण्यासारखा नाही.

खेळ वास्तवदर्शी आहे किंवा नाही, याची चर्चा बहुधा तोफेचा पल्ला, गोळ्याचे वजन, स्फोटाचा आवाज आणि भिंतीचे उडणारे तुकडे यांभोवती फिरते. या तपशिलांत आजचे खेळ पुष्कळ अचूक झाले आहेत, हे मान्य करावे लागेल. तथापि तोफखान्याच्या साहाय्याचे वास्तव तोफेच्या नळीत नसते. ते तोफेच्या मागील साखळीत असते : लक्ष्य कोणी पाहिले, ती माहिती तोफेपर्यंत केव्हा पोहोचली, गोळे किती उरले, ते कोणी वाहून आणले आणि समोरच्याने त्या माऱ्याचा काय अर्थ लावला. प्रस्तुत लेखात हा मुद्दा अहमदनगरशी निगडित काही ऐतिहासिक प्रसंगांच्या आधारे स्पष्ट केला आहे.

संज्ञेचा अर्थ

नगरकरांना तोफांचा आवाज अपरिचित नाही. शहराजवळील खारे कर्जुने या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव चालतो. परंतु रणगाड्याचा मारा आणि तोफखान्याचा मारा यांत मूलभूत भेद आहे. रणगाड्यातील तोफची आपले लक्ष्य स्वतः पाहतो, नेम धरतो आणि गोळा टाकतो. हा प्रत्यक्ष मारा होय. आधुनिक तोफखान्यातील गोलंदाजाला मात्र लक्ष्य बहुधा दिसतच नाही. ते दहा, पंधरा किंवा वीस किलोमीटर अंतरावर, डोंगराच्या पलीकडे असते. ते पाहणारा निरीक्षण अधिकारी पायदळाबरोबर पुढे असतो. तो नकाशावरील स्थान बिनतारी यंत्रावरून कळवतो, मागे दिशा व उंचीचे गणित केले जाते, एखाद-दुसरा गोळा अंदाज घेण्यासाठी टाकला जातो, तो कोठे पडला हे निरीक्षक सांगतो, दुरुस्ती होते आणि त्यानंतर सर्व तोफा एकदम मारा सुरू करतात. या अप्रत्यक्ष माऱ्याचे शिक्षण नाशिकजवळील देवळाली येथील स्कूल ऑफ आर्टिलरीमध्ये दिले जाते. नगर व देवळाली यांमधील रस्त्याचे अंतर फार नाही, पण दोन्ही ठिकाणी शिकवल्या जाणाऱ्या विद्या वेगळ्या आहेत. खेळांत मात्र त्या सर्रास एकच मानल्या जातात.

पायदळाच्या किंवा रणगाड्यांच्या हालचालीला उपयोगी पडावा म्हणून मागून केलेला असा मारा म्हणजे अग्निसाहाय्य. 'साहाय्य' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. तोफखाना स्वतः जागा जिंकत नाही. तो समोरच्याला डोके वर काढू देत नाही, आणि तेवढ्या अवधीत पायदळ पुढे सरकते. मारा थांबला की हा अवधीही संपतो.

निजामशाहीचा तोफखाना

अहमदनगरचा तोफखान्याशी संबंध लष्करी छावणीपेक्षा फार जुना आहे. विजापूरच्या बुरुजावर आज असलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, रूमी कारागिराच्या देखरेखीखाली ओतली गेली. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ पुढे परांडा किल्ल्यावर आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला गेली. त्या प्रवासासाठी शेकडो बैल व अनेक हत्ती जुंपावे लागल्याचे सांगितले जाते. नेमका आकडा काहीही असो, एवढे ओझे दख्खनच्या वाटांनी ओढणे ही तोफ डागण्यापेक्षा मोठी कामगिरी होती.

२३ जानेवारी १५६५ रोजी झालेल्या तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहाच्या तोफा मध्यभागी होत्या. बालपण अहमदनगरात घालवलेल्या फरिश्ता या इतिहासकाराने त्यांची रचना वर्णिली आहे. पुढे जड तोफा, त्यामागे मध्यम, त्यामागे हलक्या अशा त्यांच्या तीन रांगा होत्या, आणि शत्रूला त्या दिसू नयेत म्हणून पुढे तिरंदाजांची फळी उभी केली होती. विजयनगरचे सैन्य अगदी जवळ येईपर्यंत तिरंदाज लढत राहिले, मग बाजूला झाले, आणि तोफांचा एकदम मारा झाला. पुढे जवळच्या पल्ल्यावर तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफांत भरून डागल्या गेल्या, असेही फरिश्ता सांगतो. या वर्णनात तोफांच्या आकाराइतकेच लक्ष वेधून घेते ते थांबणे. केव्हा डागायचे नाही, हे ज्याला ठाऊक होते त्याच्या हातात त्या दिवशी तोफा होत्या.

ऑगस्ट १८०३

तोफखान्याच्या साहाय्याचा सर्वांत बोलका प्रसंग मात्र दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील आहे. ६ ऑगस्ट १८०३ रोजी युद्ध जाहीर झाल्याचे कळताच आर्थर वेलस्ली अहमदनगरकडे निघण्याच्या तयारीला लागला. पावसामुळे एक दिवस गेला. ८ तारखेला तो शहरासमोर आला. किल्ला आणि शहर तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होते. शहराच्या तटाच्या आत अरब शिपाई होते, त्यांच्या पाठीशी शिंद्यांची कवायती पलटण होती, आणि शहर व किल्ला यांमधील मोकळ्या जागेत घोडदळ होते.

शहराच्या तटावर तोफांनी खिंडार पाडण्याची वाट न पाहता वेलस्लीने शिड्या लावून चढाई केली. तीन तुकड्या तीन ठिकाणी गेल्या. तट उंच होता आणि त्याच्या आतील बाजूस उभे राहण्याजोगा कट्टाच नव्हता. शिडीने वर गेलेल्या शिपायाला पाय टेकायला जागा मिळत नव्हती, आणि माथ्यावर पोहोचलेले पहिले लोक तेथेच पडत होते. तरीही त्याच दिवशी शहर पडले. मात्र तोफखान्याचे साहाय्य न घेता वेळ वाचवला, की ती वेळ माणसांच्या जिवाने मोजावी लागते, हे त्या काही तासांत दिसून आले.

किल्ल्याबाबत हा मार्ग शक्यच नव्हता. सुमारे दीड किलोमीटरहून अधिक परिघाचा हा भुईकोट, त्याचे बुरूज, रुंद खंदक आणि खंदकाबाहेरील उतरता मातीचा भराव यांमुळे शिडी निरुपयोगी होती. तो भराव तटाचा खालचा भाग झाकून टाकतो. त्यामुळे लांबून डागलेला गोळा तटाच्या पायथ्याशी पोहोचत नाही. वेल्लोर वगळता या देशात पाहिलेला हा सर्वांत मजबूत किल्ला होय, असा अभिप्राय वेलस्लीने नंतर नोंदवला. ९ ऑगस्टला त्याने सभोवतालच्या जमिनीची पाहणी केली. त्याच संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल वॉलेस याच्या तुकडीने किल्ल्यापासून ४०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ३६५ मीटरवर, जागा धरली. रात्रभरात कॅप्टन हाइटलँड याच्या बेलदारांनी तेथे चार तोफांचा मोर्चा बांधला. १० तारखेच्या पहाटे मारा सुरू झाला.

केवळ चार तोफा होत्या, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचे ठरवलेले काम तट पाडणे हे नव्हते. ज्या बाजूने हल्ला करायचा होता त्या बाजूच्या तटावरील बचावाची साधने निकामी करणे हे त्यांचे काम होते. पण हा मारा इतका नेमका बसू लागला की किल्लेदाराने बोलणी करण्यासाठी तोफा थांबवण्याची विनंती केली. वेलस्लीने तोफा थांबवल्या नाहीत. किल्ला हाती येईपर्यंत मारा चालू राहील, मात्र जे सांगायचे असेल ते ऐकले जाईल, असे त्याने कळवले. ११ तारखेला दोन वकील बाहेर आले. शिबंदीला सुरक्षित जाऊ द्यावे आणि खाजगी मालमत्तेला हात लावू नये, या अटी ठरल्या. १२ तारखेला सुमारे १४०० लोक किल्ल्याबाहेर पडले. तटावरून कोणालाही चढून जावे लागले नाही.

हा वेढा एखाद्या प्रचलित खेळात मांडला तर काय होईल? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात मराठे हा खेळाडूने निवडण्याजोगा पक्ष आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेणे योग्य. त्यात किल्ल्याच्या भिंतीला सहनशक्तीचा एक आकडा असतो. गोळे बसत गेले की तो कमी होतो आणि शेवटी खिंडार पडते. पायदळाची कोणतीही तुकडी दोर टाकून तटावर चढू शकते, आणि वर तिला उभे राहायला जागाही मिळते. शहराच्या तटावर मेलेल्या शिपायांना ही सोय नव्हती. भिंतीच्या आकड्याने पाहिले तर १० ऑगस्टच्या सकाळी किल्ला जवळजवळ शाबूत होता. चार तोफांनी दोन दिवसांत तो पडणे खेळाच्या गणितात बसत नाही. प्रत्यक्षात तो पडला, कारण त्या तोफांचे खरे लक्ष्य किल्लेदाराचा अंदाज हे होते. शहर दोन दिवसांपूर्वी गेले होते, घोडदळ निघून गेले होते, मदत येण्याचे चिन्ह नव्हते, आणि एका रात्रीत मोर्चा उभारणारे लोक दुसऱ्या रात्री काय करतील हे त्याला दिसत होते. गोळ्यांचा मारा हा त्या सर्व माहितीत पडलेला शेवटचा आकडा होता. लढाईच्या पडद्यावर किल्लेदाराशी वाटाघाट करण्याची सोय नसल्यामुळे हे सर्व खेळातून गळून जाते, आणि उरते ती केवळ भिंत.

असईचे बैल

सहा आठवड्यांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असई येथे याच सेनापतीला नाण्याची दुसरी बाजू पाहावी लागली. तेथे मराठ्यांच्या कवायती फौजेच्या तोफा सुमारे शंभर होत्या आणि त्यांचे गोलंदाज उत्तम होते. त्यांच्या माऱ्यात वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल आणि तोफची मारले गेले. तोफा शाबूत असूनही जागच्या हलेनात. पायदळाने तोफखान्याच्या साहाय्याविना चाल केली आणि दीड हजारांहून अधिक माणसे जायबंदी अथवा ठार झाली. तोफांजवळ मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही मराठा गोलंदाज इंग्रज पायदळ पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी तोफा वळवून मागून मारा केला. लढाई इंग्रजांनी जिंकली, आणि ९८ तोफाही त्यांच्या हाती पडल्या. पण अग्निसाहाय्य म्हणून मोजायचे तर त्या दिवशी त्यांच्याजवळ तोफा असून नसल्यासारख्या होत्या. बैलांची मोजणी करणारा खेळ विरळाच.

राइसविट्झचा नियम

युद्धखेळाच्या इतिहासात ही उणीव मुळापासून नव्हती, हे सांगितले पाहिजे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने स्वीकारलेला 'क्रीगस्पील' हा खेळ ज्या तरुण राइसविट्झने पूर्णत्वास नेला, तो स्वतः तोफखान्यातील अधिकारी होता. त्याच्या खेळात १ : ८००० प्रमाणाचा नकाशा होता आणि एक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ असे. माऱ्याचा परिणाम ठरवण्यासाठी फासे व कोष्टके होती. पण महत्त्वाची व्यक्ती पंचाची होती. खेळाडू सोंगट्यांना हात लावत नसे. तो पंचाला लेखी हुकूम देई, आणि घोडेस्वाराला तो हुकूम पोहोचवायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गेल्यानंतरच पंच सोंगटी हलवी. शत्रूची जी तुकडी दिसण्याजोगी नसेल ती खेळाडूला दाखवलीच जात नसे. म्हणजे विलंब आणि अज्ञान ही त्या खेळाची मुख्य अंगे होती. पडद्यावरील खेळाने पंचाची जागा यंत्राला दिली आणि खेळाडूचा हात थेट सोंगटीवर ठेवला. यंत्राला पंचाचे काम जमत नाही असे मुळीच नाही. पण वाट पाहणे खेळाडूला आवडत नाही.

पडद्यावरील मारा

या दृष्टीने काही प्रसिद्ध खेळांची तुलना उद्बोधक ठरते. १९९४ च्या 'पॅन्झर जनरल'मध्ये तोफखान्याची तुकडी शेजारच्या तुकडीवर हल्ला झाला की आपोआप मारा करते. हे चित्र ढोबळ असले तरी 'साहाय्य' या कल्पनेशी ते प्रामाणिक आहे. २००६ च्या 'कंपनी ऑफ हीरोज'मध्ये जमिनीचे विशिष्ट भाग ताब्यात ठेवल्याने दारूगोळ्याचा साठा वाढत जातो, आणि तो खर्चून नकाशाबाहेरील तोफांचा मारा मागवता येतो. माळावरचा झेंडा राखल्याने गोळे कसे तयार होतात, हे कोडे येथे सोडून देऊ. त्याच खेळात १०५ मिलिमीटरची तोफ रणांगणावरच, शत्रूपासून काही शे मीटरवर, उभी करता येते. अशा तोफेचा पल्ला दहा किलोमीटरच्या पुढे असतो. नकाशा लहान असल्यामुळे हे करावे लागते. पण त्यातून तोफखाना म्हणजे आखूड पल्ल्याचे, मोठ्या आवाजाचे हत्यार अशी समजूत रुजते.

याउलट २००० मधील 'कॉम्बॅट मिशन : बियाँड ओव्हरलॉर्ड' या खेळात निरीक्षक ही स्वतंत्र तुकडी असते. तिच्याजवळ ठरावीक गोळे असतात. मारा मागितल्यावर तो पडेपर्यंत मिनिटे मोजावी लागतात. निरीक्षकाला लक्ष्य दिसत नसेल तर विलंब वाढतो आणि गोळे विखुरतात. निरीक्षक मेला तर मागच्या तोफा मुक्या होतात. वर वर्णिलेल्या साखळीच्या सर्वांत जवळ जाणारा हा प्रयत्न होय. तो खेळ दिसायला मात्र साधा होता, आणि त्याच्या समकालीन आकर्षक खेळांइतका लोकप्रिय झाला नाही.

गोळे विखुरण्याचाही एक तपशील येथे नोंदवण्याजोगा आहे. खेळांत माऱ्याचे क्षेत्र बहुधा वर्तुळाने दाखवतात. वास्तवात एकाच तोफेतून, एकाच मोजमापाने टाकलेले गोळे लांबट पट्ट्यात पडतात. डाव्या-उजव्या बाजूंपेक्षा पुढे-मागे होणारी चूक पुष्कळ मोठी असते. म्हणून आपल्या पायदळाच्या डोक्यावरून मारा करणे आणि त्याच्या बाजूने मारा करणे यांतील धोका सारखा नसतो. वर्तुळ पाहून शिकलेल्या विद्यार्थ्याला हा फरक सुचत नाही.

आणखी एक बाब परिणामाविषयी. उभ्या असलेल्या माणसांवर अनपेक्षितपणे पडलेले पहिले काही गोळे सर्वाधिक हानी करतात. माणसे जमिनीला चिकटली, खंदकात उतरली, की त्याच गोळ्यांनी होणारी हानी झपाट्याने घटते. उरतो तो दबाव. खेळांत प्रत्येक गोळा सारखाच मारक मानला तर खेळाडू तास न् तास मारा करत बसतो आणि पायदळाला पुढे सरकवण्याचा क्षण गमावूनही जिंकतो.

गोळ्यांचा हिशेब

१९९९ च्या कारगिल युद्धात तोफखान्याच्या साहाय्याचे प्रमाण भारतीयांना प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसले. लष्करातर्फे नंतर सांगण्यात आलेल्या आकड्यांनुसार त्या युद्धात अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब व रॉकेट वापरले गेले. दिवसाला सुमारे ५,००० गोळे टाकले जात होते, आणि टायगर हिल ताब्यात आला त्या दिवशी सुमारे ९,०००. बोफोर्सची १५५ मिलिमीटर तोफ काही ठिकाणी शिखरांवरील मोर्च्यांवर नेम धरून प्रत्यक्ष माऱ्यासाठीही वापरली गेली. अशा तोफेचा एक गोळा चाळीस किलोग्रॅमहून जड असतो. असे गोळे रोज डोंगरी रस्त्यांनी चढवायचे होते. युद्ध चालू असताना परदेशांतून तातडीने दारूगोळा खरेदी करावा लागला, आणि त्या खरेदीची चिकित्सा पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालात झाली. असईच्या बैलांची जागा ट्रकांनी घेतली होती इतकेच.

हा सर्व मारा होऊनही शिखरे घ्यावी लागली ती पायदळालाच, रात्रीच्या वेळी, कड्यांवर चढून.

नकाशाबाहेरील गावे

खेळातील रणांगण रिकामे असते. घरे असली तरी ती आडोसा म्हणून. के. के. रेंजच्या परिसरातील नगर, पारनेर व राहुरी तालुक्यांच्या गावांना मात्र तोफेचा पल्ला म्हणजे काय हे जमिनीच्या भाषेत समजते. सरावक्षेत्राच्या विस्ताराची चर्चा निघाली की तेथील शेतकऱ्यांत अस्वस्थता पसरते, कारण दूरच्या पल्ल्याचे शस्त्र वापरायचे तर त्याच्या मार्गातील आणि लक्ष्यापलीकडील मोठा प्रदेश निर्मनुष्य ठेवावा लागतो. अमेरिकी सैन्याच्या प्रथेनुसार आपल्या माणसांपासून ६०० मीटरच्या आत तोफेचा गोळा मागवणे धोक्याचे समजले जाते आणि त्याची स्वतंत्र सूचना द्यावी लागते. बहुतेक खेळांचा संपूर्ण नकाशा याच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्या नकाशावर कांद्याचे शेत, विहीर, शाळा असे काही मांडले तर गोळा टाकण्याचा निर्णय किती जड होतो, हे विद्यार्थ्याला सहज अजमावता येईल.

अध्यापनात उपयोग

खेळ वर्गाबाहेर ठेवावेत, असा याचा अर्थ नाही. संगणकाविनाही एक प्रयोग शक्य आहे आणि त्यासाठी नगरच्या महाविद्यालयांना साहित्य शोधायला दूर जावे लागणार नाही. वेलस्लीची या मोहिमेतील पत्रे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, आणि किल्ला शहरातच उभा आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत आणि त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवावे. अध्यापकाने पंच व्हावे. एका गटाकडे चार तोफा, मोजके गोळे, बेलदारांची एक तुकडी आणि ऑगस्टचा पाऊस असावा. हुकूम चिठ्ठीने द्यावा आणि तो पोहोचण्यास पंचाने वेळ लावावा. दुसऱ्या गटाने किल्लेदार व्हावे. त्याला वेलस्लीच्या गोळ्यांची संख्या, त्याच्या बैलांची अवस्था किंवा शिंद्यांची मुख्य फौज कोठे आहे, यांपैकी काहीही सांगू नये. त्याला फक्त तटावरून जेवढे दिसते तेवढेच सांगावे : काल जेथे मोकळी जमीन होती तेथे पहाटे मातीचा मोर्चा आहे, चार तोंडे आपल्याकडे वळलेली आहेत, आणि बोलणी करण्याची विनंती पाठवूनही ती थांबलेली नाहीत. ११ ऑगस्टच्या सकाळी वकील पाठवायचे की नाही, ते त्या गटाने तेवढ्या माहितीवर ठरवावे.